डिग्री फीमुळे महाग पडत नाही, हे शाहू महाराजांनी १९०१ सालीच ओळखलं होतं

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर एक चित्र हमखास दिसतं. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, राधानगरीकडून आलेली एसटी थांबते. त्यातनं एक पोरगं उतरतं. पाठीला सॅक, हातात मार्कलिस्टची फाईल आणि सोबत वडील. कॉलेजचा फॉर्म भरून झाला की बापलेक शाहूपुरीच्या गल्ल्यांतून खोली शोधत फिरायला लागतात.

खोलीचं भाडं किती, डिपॉझिट किती, मेसचे महिन्याला किती, दर शनिवारी गावाकडं जायचं म्हटलं तर एसटीचे किती. फीचा आकडा घरातनं निघतानाच माहीत असतो. गणित बिघडतं ते इथं, या बाकीच्या खर्चात. बरीच पोरं याच टप्प्यावरनं माघारी जातात आणि पुढं सगळ्यांना सांगितलं जातं की पोराला शिक्षणाची आवडच नव्हती.

गंमत म्हणजे ज्या शाहूपुरीत उभं राहून हे गणित मांडलं जातं, ती पेठ वसवणाऱ्या माणसानं हेच गणित सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतलं होतं. तो माणूस म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

आज जगभर स्वस्तातल्या डिग्रीची चर्चा चालू आहे. घराजवळच्या छोट्या कॉलेजात शिकायचं, थोडे तास वर्गात आणि थोडे मोबाईलवर करायचे आणि शेवटी पदवी मात्र मोठ्या विद्यापीठाची घ्यायची. अमेरिकेत घराजवळच्या या कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तिथलं आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. सुरुवातीला विद्यार्थी फक्त सहा. कल्पना साधी होती. पोरांना घर सोडावं लागू नये, पहिली दोन वर्षं गावातच शिकावं आणि मग मोठ्या विद्यापीठात जावं.

त्याच १९०१ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं.

दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अडचण मात्र एकच होती. शिकायला घर सोडावं लागतं आणि घर सोडणं परवडत नाही. जोलिएटनं कॉलेज घराजवळ नेलं. महाराजांनी कॉलेजजवळ घर बांधलं.

कागलचा यशवंत कोल्हापूरचा राजा झाला

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणून १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचे शाहू छत्रपती झाले. तेव्हा वय होतं नऊ वर्षं.

पुढं राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला त्यांचं शिक्षण झालं. धारवाडला शिकवायला फ्रेझर नावाचे इंग्रज अधिकारी होते. शाळेच्या पुस्तकांबरोबर राज्यकारभार कसा चालतो, महसूल कसा गोळा होतो, हेही तिथं शिकवलं गेलं. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं.

थोडक्यात, स्वतः महाराजांना शिकायला कोल्हापूरच्या बाहेर जावं लागलं. फरक इतकाच की त्यांच्या राहण्याखाण्याची सोय संस्थानाच्या तिजोरीतून होत होती. गावाकडच्या शेतकऱ्याच्या पोराला असं कुणी नव्हतं.

२ एप्रिल १८९४ ला महाराजांनी कारभार हातात घेतला. वय जेमतेम वीस.

पहिल्यांदा बाजार, मग बोर्डिंग

गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९५ साली, महाराजांनी शाहूपुरी वसवली. त्याआधी चारच वर्षं मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. स्टेशनाजवळ मोकळी जागा होती आणि पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आणि गूळ होता. रेल्वे आणि गूळ यांची गाठ घालायला स्टेशनाशेजारी व्यापारी पेठ हवी होती. महाराजांनी ती उभी केली. पुढं शाहूपुरी गुळाची मोठी बाजारपेठ झाली आणि कोल्हापुरी गुळाचं नाव लांबपर्यंत गेलं.

शेतकऱ्याचा माल चांगला असून भागत नाही, बाजार त्याच्या आवाक्यात असावा लागतो. शाहूपुरीनं हे काम केलं. शिक्षणाच्या बाबतीत महाराजांनी पुढची पंचवीस वर्षं जे केलं, त्याच्या मुळाशीही हाच हिशोब दिसतो. पोरगं हुशार असून भागत नाही, कॉलेज त्याच्या आवाक्यात असावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेज तर कोल्हापुरात होतंच की. बरोबर आहे. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झालं होतं. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १८७० साली वारलेल्या राजाराम महाराजांचं नाव त्याला दिलं होतं. हे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं होतं.

हे जोडलेलं असणं म्हणजे काय, हे समजून घेतलं की पुढची गोष्ट सोपी होते. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ त्या काळात मुख्यतः अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. शिकवायचं काम ठिकठिकाणच्या कॉलेजांचं. म्हणजे शिक्का मुंबईचा आणि वर्ग कोल्हापूरचा. विद्यापीठ आणि गावातलं कॉलेज यांच्या भागीदारीतून पदवी द्यायची पद्धत आपल्याकडं एवढी जुनी आहे.

पण ही भागीदारी दोन पायांवर उभी होती आणि तिसरा पाय नव्हता. विद्यापीठ होतं, कॉलेज होतं, पण कॉलेजात येणाऱ्या पोरानं राहायचं कुठं आणि जेवायचं काय, याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

पंधरातले आठ रुपये

हा खर्च किती जड होता, हे समजायला कागलजवळचं एक उदाहरण आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे पुढं देशाचे मोठे नेते झाले. त्यांचं शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झालं आणि ते राजाराम कॉलेजातही शिकले. वडील लवकर गेले होते. थोरले भाऊ गोविंदराव यांना महिना पंधरा रुपये पगाराची नोकरी लागली. त्या पंधरातले आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवायचे आणि सातात संसार चालवायचे. गोखले पुढं पुण्या-मुंबईत शिकून १८८४ साली बी.ए. झाले.

हे अशा घरातलं उदाहरण आहे, जिथं लिहिण्या-वाचण्याची परंपरा होती आणि एक तरी पगार येत होता. तरीही निम्म्याहून जास्त पगार एका पोराच्या शिक्षणात गेला. ज्या घरात दर महिन्याला रोख पगार येण्याची पद्धतच नव्हती, त्या कुणबी, धनगर, महार, मांग, चांभार घरातल्या पोराचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

याचा परिणाम संस्थानच्या कारभारात उघड दिसत होता. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. बाकी समाजातले पदवीधर शोधून सापडत नव्हते. नोकरी द्यायची म्हटलं तरी द्यायची कुणाला, अशी अवस्था होती.

पहिला प्रयत्न फसला

महाराजांच्या वसतिगृहांबद्दल बोलताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८९६ साली त्यांनी कोल्हापुरात सगळ्या जातींच्या मुलांसाठी मिळून एकच वसतिगृह काढलं होतं. जातीपातीचा प्रश्न तिथं ठेवलाच नव्हता.

तो प्रयोग चालला नाही. तिथं राहायला आलेली मुलं बहुतेक ब्राह्मण समाजातली होती. बाकीच्या समाजातली मुलं मुळात कॉलेजपर्यंत पोचतच नव्हती. जी पोचायची, त्यांच्यापुढं पाणी कुठलं प्यायचं आणि पंगतीत कुणाशेजारी बसायचं हे त्या काळचे प्रश्न उभे राहायचे. दार सगळ्यांना उघडं होतं, पण आत एकाच समाजाची मुलं दिसत होती.

इथं महाराजांनी जे केलं ते महत्त्वाचं आहे. योजना कागदावर चांगली आहे म्हणून ती रेटत बसले नाहीत. माणसं का येत नाहीत हे बघितलं आणि पद्धत बदलली.

याच सुमारास पी. सी. पाटील नावाचा शेतकरी घरातला एक हुशार विद्यार्थी मॅट्रिक पास होऊन पुढं शिकायच्या धडपडीत होता. कोल्हापुरात राहायची सोय नव्हती. तो थेट महाराजांपर्यंत पोचला. महाराजांनी त्याची सोय तर केलीच, पण असे आणखी किती पाटील गावागावात अडकून पडले असतील, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला. हेच पी. सी. पाटील पुढं मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यात मोठ्या हुद्द्यावर गेले. त्या काळातल्या मोजक्या बहुजन पदवीधरांपैकी एक, भास्करराव जाधव, तोवर संस्थानच्या नोकरीत आले होते. त्यांनीही या कामात लक्ष घातलं.

आणि १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं.

एकापाठोपाठ एक वीसहून जास्त

त्यानंतर कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच लागली.

१९०१ सालीच दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग झालं. त्यासाठी स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह झालं. १९०८ साली अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. त्याच वर्षी दैवज्ञ समाजाचं आणि शिंपी समाजाचं नामदेव बोर्डिंगही उभं राहिलं.

पुढं सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिश्चन, वैश्य, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशी यादी वाढत गेली. महाराजांच्या हयातीत ही संख्या वीसच्या पुढं गेली. दसरा चौकात आजही उभं राहिलं की आजूबाजूला यातली काही बोर्डिंगं दिसतात आणि मध्ये महाराजांचा पुतळा. तिथनं शाहूपुरी काही फार लांब नाही.

या सगळ्यांची बांधणी कशी होती, ते बघण्यासारखं आहे. महाराज जागा द्यायचे, इमारतीला मदत करायचे, उत्पन्नासाठी जमिनी किंवा वार्षिक अनुदान लावून द्यायचे. पण चालवायचं त्या त्या समाजानं. वर्गणी गोळा करणं, कमिटी नेमणं, हिशोब ठेवणं, धान्य आणि आचाऱ्याची व्यवस्था बघणं ही कामं समाजातल्या लोकांनी करायची.

यात दोन गोष्टी साधल्या. दरबाराचा सगळा पैसा एकाच ठिकाणी अडकला नाही, त्यामुळं कमी पैशात जास्त बोर्डिंगं उभी राहिली. आणि ज्या समाजात शिकलेली माणसं कमी होती, तिथं संस्था चालवणारी माणसं तयार व्हायला लागली.

आता ही मांडणी पुन्हा बघा. पदवी मुंबई विद्यापीठाची. शिकवणं राजाराम कॉलेजचं. राहणं-जेवणं समाजाच्या बोर्डिंगचं. आणि तिघांना जोडणारा दरबार. भागीदारीचा तिसरा पाय तो हा.

मग जातीची बोर्डिंगं का काढली?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. जात मोडायची म्हणणाऱ्या राजानं जातवार वसतिगृहं काढावीत, हे उलटंच वाटतं.

प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर १८९६ च्या फसलेल्या प्रयोगात आहे. सगळ्यांसाठी एक दार ठेवलं तर आधीच पुढं असलेलेच आत येतात, हे महाराजांनी बघितलं होतं. त्यामुळं आधी प्रत्येक समाजातली मुलं कॉलेजच्या वर्गापर्यंत आणायची, वर्गात ती एका बाकावर बसतील, आणि शिकलेली पिढी उभी राहिली की पुढचं काम ती करेल, असा हा मार्ग होता. बोर्डिंगं वेगळी असली तरी कॉलेज एकच होतं, हे विसरून चालत नाही. शिवाय मराठा बोर्डिंगमध्ये इतर समाजातल्या मुलांनाही जागा मिळत होती.

दुसरी बाजूही खरी आहे. एकदा जातीच्या नावानं संस्था उभी राहिली की ते नाव सहज पुसलं जात नाही. यातल्या काही संस्था आजही त्याच नावांनी चालतात. महाराज त्या वाटेत तात्पुरती पायरी बघत होते, काही ठिकाणी ती पायरीच कायमची झाली.

पण महाराज तिथंच थांबले नाहीत, हेही नोंदवायला हवं. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. म्हणजे शिकून बाहेर पडणाऱ्या पोराला नोकरीचं दार आधीच उघडून ठेवलं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. बोर्डिंगं वेगळी ठेवणाऱ्या राजानं शाळा मात्र वेगळ्या ठेवू दिल्या नाहीत.

खालनं शाळा, मधे बोर्डिंग, वर कॉलेज आणि शेवटी नोकरी अशी ती सलग साखळी होती. यातली एक जरी कडी सुटली तरी बाकीच्यांचा उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं.

मुलींचं काय?

बोर्डिंगांच्या या गोष्टीत मुलगे जास्त दिसतात, हे मान्य करायला हवं. त्या काळात मुलीला शिकायला परगावी ठेवणं ही कल्पनाच घरच्यांना झेपणारी नव्हती. तरीही संस्थानात मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांच्याकडं होती. त्यांची मुलगी कृष्णाबाई हिला संस्थाननं शिष्यवृत्ती दिली. ती मुंबईला वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाली आणि कोल्हापुरात येऊन रुग्णसेवेला लागली.

१९१८ साली महाराजांच्या घरावर मोठा आघात झाला. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत झालेल्या अपघातात गेले. मागं राहिली ती अगदी लहान वयाची सून, इंदुमतीदेवी. राजघराण्यातल्या विधवेनं पडद्याआड आयुष्य काढायचं, अशी तेव्हाची रीत होती. महाराजांनी घरातला आणि बाहेरचा विरोध बाजूला ठेवून सोनतळी कॅम्पवर सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिच्या मॅट्रिकचा निकाल बघायला मात्र ते राहिले नाहीत. इंदुमतीदेवी १९२५ साली मॅट्रिक झाल्या.

गेलेल्या मुलाच्या नावानं १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग सुरू झालं. मुलगा गेल्यावर बापानं त्याच्या नावानं देऊळ बांधलं नाही, दुसऱ्यांच्या मुलांच्या जेवणाची सोय केली.

कोल्हापूरच्या बाहेर

ही कल्पना संस्थानच्या हद्दीत राहिली नाही. नाशिकच्या उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला १९२० साली महाराजांच्या हातनं बसवली गेली. पुणे, नगर, नागपूर अशा ठिकाणच्या वसतिगृहांनाही त्यांनी मदत केली.

त्याच वर्षी मार्चमध्ये कागलजवळच्या माणगावात झालेल्या परिषदेत महाराजांनी तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना समाजाचा नेता म्हणून पुढं केलं. आंबेडकरांचं लंडनमधलं शिक्षण अपुरं राहिलं होतं. ते पुरं करायला ते १९२० सालीच परत गेले, तेव्हा महाराजांचा हात त्यांच्या पाठीशी होता. परदेशातल्या शिक्षणातही अडचण तीच होती, राहायचं कुठं आणि खायचं काय.

६ मे १९२२ ला मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. कारभार केला २८ वर्षं.

आकड्यात बघायचं तर १८९४ साली सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एका समाजाकडं होत्या. १९१२ साली एकूण जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यातल्या ३५ त्या समाजाकडं होत्या. उरलेल्या ६० खुर्च्यांवर बसलेली माणसं शिकून आली होती. त्यातल्या कितीतरी जणांनी बोर्डिंगच्या पंगतीत जेवण केलं असणार.

बोर्डिंगमधनं बाहेर पडलेली माणसं

कुंभोजचा एक मुलगा राजाराम हायस्कुलात शिकायला कोल्हापूरला आला होता आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिला होता. त्यानं महाराजांचं काम जवळनं बघितलं. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र शिजवायची आणि एकत्र जेवायची. १८९६ साली महाराजांना जे जमलं नव्हतं, ते पुढच्या पिढीनं करून दाखवलं.

भाऊरावांनी त्यात आणखी एक भर घातली, कमवा आणि शिका. पोरानं अंगमेहनत करायची आणि त्यातनं शिक्षणाचा खर्च भागवायचा. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज याच विचारावर उभं राहिलं.

दुसरं नाव यशवंतराव चव्हाण यांचं. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडच्या शाळेत शिकलेला हा शेतकऱ्याचा मुलगा राजाराम कॉलेजातनं १९३८ साली बी.ए. झाला. पदवी मुंबई विद्यापीठाची, वर्ग कोल्हापूरचा. डिग्रीसाठी मुंबईत राहण्याचा खर्च करावा लागला असता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

पुढं तेच यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. कोल्हापुरात शिवाजी महाराजांच्या नावानं विद्यापीठ असावं, ही कल्पना राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आधीच मांडली होती. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. आता शिक्काही कोल्हापूरचा झाला. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी विद्यापीठात कमवा आणि शिका योजना सुरू केली, ती आजही चालू आहे.

आणि १९८९ साली राज्य सरकारनं नाशिकला मुक्त विद्यापीठ काढलं, त्याला नाव दिलं यशवंतराव चव्हाणांचं. या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं गावोगावच्या नेहमीच्या कॉलेजांत चालतात. पुस्तकं घरी, वर्ग सुट्टीच्या दिवशी जवळच्या कॉलेजात आणि पदवी विद्यापीठाची. नोकरी करणारा, शेती बघणारा, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, सगळ्यांना घर न सोडता पदवी घेता येते. हायब्रिड हा शब्द आपल्याकडं रुळायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

आजचा हिशोब

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळं एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट दुसरीकडं नेता येतात. पदवीतले ४० टक्क्यांपर्यंत विषय सरकारच्या स्वयम् पोर्टलवरनं ऑनलाईन करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानं दिली आहे. म्हणजे कागदावर बघितलं तर चंदगडच्या पोराला कोल्हापुरात रोज हजर राहायची गरज कमी होत जाणार.

पण महाराजांच्या आयुष्यातनं एक गोष्ट उचलायची तर ती १८९६ ची. दार उघडं आहे एवढ्यानं सगळे आत येत नाहीत. ऑनलाईन वर्गालाही रेंज लागते, फोन लागतो, घरात बसायला निवांत कोपरा लागतो आणि जनावरांचं काम आटपून मिळणारे दोन तास लागतात. हे ज्याच्या घरात नाही त्याच्यासाठी हायब्रिड डिग्रीसुद्धा तितकीच लांब आहे. त्या खर्चाची जबाबदारी कुणी घेतली नाही, तर भागीदारी पुन्हा दोनच पायांवर राहते.

राज्यात आज महाराजांच्या नावानं शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, ती फीचा भार हलका करते. राहण्याजेवणासाठी आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कॉलेजचा फॉर्म भरणाऱ्यांना पहिली योजना माहीत असते, पुढच्या दोन बऱ्याचदा नसतात. महाराजांच्या हिशोबानं बघायचं तर चौकशी आधी या दोन्हींची करायला हवी.

शाहूपुरीत खोली शोधत फिरणाऱ्या त्या बापलेकाला कुणीतरी एवढं सांगितलं, तरी एखादी माघारी जाणारी एसटी चुकेल.